ललितचा दोर

ललितच्या सुरतच्या मित्राचा, केतनचा, मला कधीतरी फोन यायचा, तो ललितचा लागला नाही तर गाडीच्या टायरच्या चौकशीसाठी. त्या दुपारी फोन थेट बल्गेरियातून आला. केतन म्हणाला, "ललितभाई बर्फाखाली गेले... काढलं, पण उशीर झाला." मी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर उभा होतो. शेजारीच ललितचं टायरचं दुकान, आणि तिथे वहिनी गिऱ्हाइकाला ट्यूब दाखवत होत्या. त्यांना सांगायचं माझ्या वाट्याला आलं.

ललितच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन विसरवाडीत दुकान टाकलं. आम्ही दोघं इथेच वाढलो. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला, भुश्यात गुंडाळलेला. या पठ्ठ्याला मात्र काश्मीरच्या एका सहलीत स्कीइंगचं वेड लागलं. मग दर हिवाळ्यात तो तिकडे. यंदा केतनच्या गटाबरोबर बाल्कनच्या डोंगरात गेला. तिथे रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी एक गाडी स्कीइंगवाल्यांना ताज्या बर्फातून वर नेते, आणि मग गाइडच्या मागून घसरत उतरायचं. त्या गाडीला कॅट म्हणतात. "मांजर म्हन्तस तिले, आनि शे हत्तीएवढी!" असं त्याने फोनवर सांगितलं. पहिल्याच दिवशी घरून नेलेलं कुंकू त्याने तिला लावलं, नारळ फोडला आणि परदेशी ड्रायव्हरच्या हातावर खोबरं ठेवलं. त्याचा व्हिडिओ पाहून आम्ही पोट धरून हसलो होतो.

गाइडचा नियम साधा होता. ताज्या बर्फाचा थर भाराने सुटतो, म्हणून उतारावरून एकेकानेच जायचं. कुणी पडलं तरी बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, काय ते गाइड बघेल. हे ललितनेच मला सांगितलं होतं, आणि वर चिडून म्हणाला होता, "कोनी पडनं तं नुसतं देखत ऱ्हावानं का? हाई कसानी रीत?"

त्याची रीत सगळ्या हायवेला ठाऊक होती. गाडीच्या डिकीत कायम जाड दोर. घाटात कुणाची गाडी चिखलात रुतली, कलंडली की हा थांबलाच. लग्नाला निघालेला असो की दवाखान्यात. वहिनींच्या वडिलांच्या शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांना घेऊन जाताना तो असाच वाटेत एका ट्रकपाशी थांबला आणि वहिनींना वडील जिवंत भेटले नाहीत. ते त्या कधीच विसरल्या नाहीत.

उतारावर गटातली एक बाई पडली. लागलं काहीच नव्हतं, पायातली एक स्की निसटली एवढंच. केतन सांगतो, ती हसत होती. गाइड तिच्याकडे निघणार तोच ललित वरून सुटला... आणि त्याच्या पायाखालचा सगळा बर्फ सुटला. बाई कडेला होती, ती वाचली. मला तिचा राग येतो. येऊ नये, पण येतो.

दहा-बारा दिवसांनी पेटी आली. वहिनी रडल्या नाहीत. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाऊ, त्या अनोळखी बाईकरता धावनात. मन्हाकरता कधी धावनात का?" त्याच दिवशी त्यांनी डिकीतला दोर काढून जुन्या टायरांच्या ढिगामागे फेकला. भंगारवाला आला की देऊन टाकणार होत्या.

मागच्या आठवड्यात केळीची एक पिकअप रस्त्याखाली उतरून रुतली. ड्रायव्हर धावत दुकानात आला. "ललितशेठ कोठे शेत? त्यासना दोर पाहिजे व्हता." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला पुढे झालो, तर वहिनींनी हातानेच मला थांबवलं. त्या उठल्या, टायरांच्या मागे गेल्या, दोर ओढून काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि ड्रायव्हरच्या हातात दिला.

"काम व्हयनं का वापस आनी दे," त्या म्हणाल्या, "त्यासना शे तो."