ब्राउझर झालेले सर

बीडमध्ये इंटरनेट नुकतंच पोचलं होतं आणि मी वेबसाइटी बनवत होतो. सुरुवातीला एका बियाण्यांच्या दुकानाची केली, मग तीच प्रत्येकाला चिकटवत सुटलो. नाव बदललं, फोटो बदलला, की झालं. पार कंटाळलो होतो.

एका दुपारी पालीच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाचे मालक आले.

"दिंद्रुडच्या पाव्हण्यांचा फोन आलता. आपल्या वेबसाइटवर लिवलंय, उगवण न झाल्यास बदलून मिळेल. ते इचारतेत, काय बदलून मिळंल? नवरी?"

"चुकून राहिलं ते."

"आन् कोरड्या जागी ठेवा, हे कुणाला?"

ते चिडले नव्हते, खरंच विचारत होते. त्याचीच जास्त लाज वाटली.

मी तडक, मला हे काम शिकवणाऱ्या सरांच्या क्लासवर गेलो. लाइट गेलेली होती. सगळं ऐकून सरांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"पहिल्यापासून लिही. मी ब्राउझर. तू लिहिशील तसं दाखवतो."

अक्षरं ठळक करायची तर आधी एक खूण लिहायची आणि नंतर ती बंद करायची. ठळक म्हणजे मोठा आवाज, असं सरांनी ठरवलं. कार्यालयाच्या नावानंतर खूण बंद करायची मी विसरलो. सर नाव ओरडले, पत्ता ओरडले. "जेवणाची सोय आहे!" हे तर असं ओरडले, की खालचा शिंपी टेप गळ्यात घेऊन धावत वर आला.

"सर, भांडण कुणासंगं?"

"माझा नाइलाज आहे!" लालबुंद सर गरजले. "यानं बंद केलेलं नाही!"

मी घाईघाईनं खूण बंद केली.

"चहा घेणार?" सरांनी शिंप्याला हळू आवाजात विचारलं.

कितीतरी दिवसांनी मला माझ्या कामाचं हसू आलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन बसलो, आचाऱ्याशी बोललो, मांडववाल्याशी बोललो आणि रिकाम्या पानावर एकेक ओळ हातानं लिहिली. चार दिवसांनी मालकांना दाखवलं. ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं.

"हे तर आपलंच हाय की!" ते म्हणाले. मग थबकले. "पण दुसऱ्या पंगतीला पाणी कमी पडतं, हे कावून लिवलं?"

"आचारी म्हणाले."

मालक तसेच उठून पाण्याची टाकी बघायला गेले. त्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवर दुसरी टाकी बसवली, आणि मी वेबसाइटवरून ती ओळ खोडली.