सातव्या धुण्याचं पाणी

शिशाचं क्लोराइड शुद्ध करणं हे काम ऐकायला सोपं आहे. पांढरी पूड उकळत्या पाण्यात विरघळवायची, दोन थेंब आम्ल टाकायचं, गरम असतानाच गाळायचं आणि हात न लावता निवू द्यायचं. निवताना सुयांसारखे बारीक स्फटिक तळाशी बसतात, मळ वरच्या पाण्यात राहतो. ते पाणी ओतून द्यायचं, सुया थंड डिस्टिल्ड वॉटरने धुवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं सात वेळा. उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तेव्हा चार वर्षं हेच करत होतो. रोज सकाळी अंबरनाथच्या खोलीवरून चालत जायचं आणि धुवायला बसायचं. मी बी.एस्सी. झालो तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले होते. मुलगा पुढे धुणी धुणार हे ठाऊक असतं तर तिने साखरेवर भागवलं असतं.

आमचा माल मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जाई. तिथे तो भट्टीत वितळवून त्याचा हाताएवढा, काचेसारखा एकसंध स्फटिक वाढवत. मी तो कधी पाहिलाही नव्हता. तिथल्या मुख्य शास्त्रज्ञांनी मला मदतनीस म्हणून बोलावलं तेव्हा आनंदाने मला जेवण गेलं नाही. अट एकच होती : मालकांनी राजीखुशीने सोडल्याची चिठ्ठी आणायची. माल देणाऱ्याला दुखवायची त्यांची तयारी नव्हती.

मालक फाळणीत सिंधमधून आलेले. मी विषय काढला की ते आधी पापड आणि पाणी पुढे करत. त्यांच्याकडे आल्यागेल्याला ते देतातच. तोंडात पापड असताना माणसाला भांडता येत नाही, हे मी तिथे शिकलो.

"साईं, तुमच्यासारखा माल कोण करणार?" ते म्हणत. "आमचं घर, दुकान, सब तिकडेच छूट गया. आता हाताला लागलेला माणूस मी सोडणार नाय."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा हेच उत्तर. मला त्यांचा संताप येई आणि दयाही येई, आणि दया आली म्हणून पुन्हा संताप येई. शेवटी डोक्यात आलं की माझा माल चांगला आहे म्हणूनच मी अडकलोय. तो एकदा नासला तर हे स्वतःहून चिठ्ठी देतील.

पुढच्या मालाला सातवं धुणं मी नळाच्या पाण्याने दिलं. आमच्या नळाला गंजलेला पाईप होता. सुया दिसायला तशाच पांढऱ्याशुभ्र होत्या. तपासणीही माझ्याकडेच होती. नेहमीप्रमाणे बाटलीवर 'शुद्ध' लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीची आज लाज वाटते.

महिन्याभराने मालकांनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात प्रयोगशाळेचं पत्र होतं. स्फटिक तपकिरी झाला होता आणि निवताना तडकला होता. ज्याच्या सहीने हा माल आला, त्याला आपल्याकडे घेण्याचा विचार सोडला आहे, असंही खाली लिहिलं होतं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते मला उभ्या उभ्या कळलं.

"घाबरू नका साईं," मालक म्हणाले. "मी जबाब लिहून टाकला. चूक आमच्या पाण्याची, माझ्या माणसाची नाय. तुम्हाला इथून कोण काढणार नाय."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. एक वाक्य बोललो असतो तर त्यांनी मला त्याच दिवशी हाकललं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी बोललो नाही, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच शेडमध्ये राहिलो.