बेयाची फुलं, शाजलीचं गुपित

नाबुल गावचा शाजली प्रेमळ खरा, पण त्याचं प्रेम म्हणजे पहाराच. बायकोला, बेयाला, कॅन्सर झाल्यापासून तिचं सगळं तोच ठरवायचा. डॉक्टर तिला विचारायचे, "मळमळ होते का?" आणि उत्तर हा द्यायचा, "आम्हाला सकाळी होते." आजाराचं नाव काढायला घरात बंदी. कुणाची नजर लागू नये म्हणून त्याने गल्लीभर सांगून टाकलं होतं, की बेया बहिणीकडे सफाक्सला गेली आहे. बिचारी दोन महिने आपल्याच घरात सफाक्सला राहिली.

अशात कडू संत्र्याला फुलं आली. नाबुलमध्ये घरोघरी तांब्याची भांडी चुलीवर चढली आणि फुलांचा अर्क उतरू लागला. बेयालाही काढायचा होता. या वेळी शाजलीने तोंड उघडायच्या आत तिनेच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वास सोसवला तर खुशाल काढा." केमोचा पुढचा डोस सोमवारी होता. त्यानंतर तिला साध्या भाकरीचाही वास सोसवला नसता, आणि ती उठेपर्यंत बहर संपला असता.

शनिवार उजाडला तरी फुलवाला खमीस फिरकला नाही.

"दर वर्षी न मागता चार किलो आणून टाकतो. यंदा काय झालं त्याला?"

शाजली चपलांकडे बघत म्हणाला, "त्याला वाटतंय, तू सफाक्सला आहेस."

"मग सांग, इथेच आहे म्हणून."

"कशाला ती दगदग? तयार बाटली आणतो ना."

"बाटली हवी असती तर बाटली मागितली असती," बेया कडाडली. "स्तन गेला, केस गेले, मला विचारून गेले नाहीत. निदान फुलं तरी माझ्या मनाने आणू दे. आणि आजार माझा आहे, शाजली. तो लपवायचा की नाही, हे मी ठरवणार. जा, खरं सांग."

शाजलीला राग आला, वाईटही वाटलं. तरी गेला. भर बाजारात तीनदा घसा खाकरून म्हणाला, "खमीस, बेया घरातच आहे. तिला कॅन्सर झालाय. तिला फुलं हवीत."

"माहीत आहे," खमीस म्हणाला. "बायको सफाक्सला, आणि तू औषधांच्या पिशव्या नाबुलला आणतोस होय? आंधळे नाही आम्ही. दार वाजवलं असतं तर तू खोटा पडला असतास, म्हणून नाही आलो. तिचे चार किलो रोज बाजूला काढतो आणि संध्याकाळी विकून टाकतो."

फुलं घेऊन शाजली घरी आला. बेयाने चादर अंथरली, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"रडलास?"

"येताना. थोडा." त्याने फुलं चादरीवर ओतली. "भीती वाटते गं मला."

"दोन महिने मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय," बेया म्हणाली आणि चादरीवर त्याच्यासाठी जागा करून दिली. "बस. देठ काढ. आणि रडायचं तर इथे रड."