विनायकचे दोन हिसके

"दोरी हातात धरावी, हाताला गुंडाळू नये," असं गुरुनाथ ऊठसूट म्हणायचा. हवाई दलातून निवृत्त होऊन चंदीगडलाच राहिलेला हा मालवणचा माणूस. गळाची दोरी खालीवर नाचवणारं मोटरचं मशीन त्यानं स्वतः बनवून भावाच्या, विनायकच्या, होडीवर पाठवलं होतं. ताण वाढला की मोटर आपोआप सुटून दोरी सैल व्हावी, एवढी सोय राहून गेली. अडकलेली दोरी विनायकनं हाताला गुंडाळून ओढली. मोटर थांबली नाही, आणि तो होडीच्या काठावरून पाण्यात गेला, तो कायमचाच.

आता पुतण्या गंधारला मशीन हवं होतं. नवं मशीन तयार होतं, पण गुरुनाथला ते पाठवायचा धीर होईना. दोन महिने तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून वाळूची बादली सोडून ताण तपासत होता.

"खालच्या भल्लाबाई विचारतात, मासे पकडता की माणसं?" उल्का, त्याची बायको, म्हणायची.

त्या दुपारी वारा पडलेला होता. बादली सोडवलेली, दोरी नुसती लोंबत होती. अचानक ती ताठ झाली. दोन हिसके बसले, बुडी मारलेला विनायक पाण्याखालून इशारा म्हणून द्यायचा तसे. मोटर घरघरली आणि सुटली. उल्कानं दोरी वर घेतली, तर ती ओली होती.

"सुटलं हो," ती हळूच म्हणाली.

"त्यानंच बघितलं तपासून."

मशीन पोत्यात बांधून तो सेक्टर ४३च्या बसस्टँडकडे निघाला. उल्का गॅलरीतून बघत राहिली. पोत्याची दोरी त्याच्या मुठीत सैल होती, आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून तो चालला होता.