चमच्यातलं लिंबू

वरणभातावर लिंबू पिळलं की सांगलीच्या आमच्या कॉलेजचं मैदान आठवतं. स्वातंत्र्य यायला अजून दोन-तीन वर्षं होती. मैदानावर ओल्या चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मुलं शंभर यार्ड पळणार, उंच उड्या मारणार. आम्हा पाच मुलींना मात्र लिंबू-चमचा. दातांत चमचा धरायचा, मान न हलवता हळूहळू चालायचं.

शिट्टी झाली. माझ्या शेजारच्या, पाटणच्या हौसानं तोंडातला चमचा फेकला, लिंबू मुठीत धरलं, पदर खोचला आणि ओरडली, "पळा गं!"

आम्ही सगळ्याच पळालो. चमचे धुळीत पडले.

"बाद! सगळ्या बाद!" खेळाचे सर धावत आले. मला रडू फुटलं. हौसा धापा टाकत म्हणाली, "बाद तर बाद, सर. पर आमास्नी पळाया येतंय, ते बगितलंसा न्हवं?" तिनं लिंबू दातांनी फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

तेव्हा वाटलं होतं, अब्रू गेली. आता सूनबाई रोज बजावते, "आई, हळू चाला, पडाल."

मी काय चमच्यातलं लिंबू आहे?