भरलेली गाडी झुलते

बापू गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाइकानं दिली. ट्रकच्या क्लचखाली आडवा पडलो होतो, आणि वरून तो ड्रायव्हर सहज म्हणाला, "बापू गेले की सोमवारी. तुमचे दोस्त ना ते? तुमाला न्हाई कळलं?" नाही कळलं. आपल्या नगरात, दोन गल्ल्या पलीकडे, पंचवीस वर्षांपासूनचा दोस्त जातो आणि मला कळत नाही, कारण दोन वर्षं मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. हातातला पाना तसाच टाकून गेलो. पोचलो तेव्हा सावडणंही उरकलं होतं...

बापू मूळचा पारनेरकडचा. फौजेत ट्रक चालवले, पेन्शनीत आल्यावर लष्कराच्या लिलावातून भंगारात काढलेली चारी बाजूंनी बंद, पेटीसारखी एक गाडी उचलली. मी म्हणालो, "अरे येड्या, हिचं काय लोणचं घालणार?" तो हसला नाही. त्याची बायको, आमच्या शांतावहिनी, माळ्याच्या शिडीवरून पडल्या होत्या आणि कंबर कामातून गेली होती. बसवत नव्हतं, मग एसटी कुठली? तिकडं पाथर्डीच्या बाजूला त्यांची म्हातारी आई, डोळे गेलेली, अंथरुणाला खिळलेली, रोज लेकीची आठवण काढत होती. वहिनींना आडवं निजवून तिच्यापर्यंत पोचवायचं, एवढाच बापूचा ध्यास. त्यानं गाडीत पलंग ठोकला, स्टोव्हसाठी फळी बसवली, खिडकीला वहिनींच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. चाकांवरचं घरच म्हणा ना! फक्त खड्डा आला की ते घर हातभर उडायचं.

मागच्या कमानी ओझ्यासाठी बनवलेल्या. कमान म्हणजे एकावर एक आवळलेले पोलादी पाटे, चाकाला बसलेला दणका तेच खातात. दीड महिना आम्ही त्या कमानींच्या मागं लागलो. पाटे सोडवले, लोहाराकडून भट्टीत घालून नवा बाक दिला, मध्ये ग्रीस भरलं, नवे शॉकअब्सॉर्बर बसवले, दोन्हीकडचा एकेक पाटा काढून पाहिला. दरवेळी वहिनींच्या जागी बापू स्वतः आडवा पडायचा आणि मी गाडी हाकायचो. मध्ये लाकडी भिंत, म्हणून खूण ठरलेली: एक ठोका म्हणजे हळू, दोन ठोके म्हणजे चालू दे. परत आलो की हा कंबर धरून उतरायचा. "मिस्त्री, अजून एक पाटा काढ." "काढतो, आणि ॲक्सल रस्त्यावर ठेवतो! चालेल?" अशी आमची रोज जुंपायची. शेवटी मला ड्रायव्हर लोकांचं बोलणं आठवलं, रिकामी गाडी उडते, भरलेली झुलते. काढलेले पाटे परत घातले आणि मागं वाळूची पोती टाकली. पाच मैल फिरवून आणलं, दार उघडलं, तर बापू चक्क घोरत होता.

वहिनींना हे सांगितलं तर त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी वाळू नेता व्हय? पानी न्या की." त्या सालचा दुष्काळ वेगळा सांगायला नको. माझ्या गॅरेजमागच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. सहा पिंपं तोंडोतोंड भरली, झाकणं घट्ट केली, दोरांनी बांधली, आणि निघालो, मी पुढं, ते दोघं मागं. गाडी खरंच पाळण्यासारखी झुलत होती.

पाथर्डीच्या अलीकडे रस्त्याकडेला बाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांचा पाण्याचा टँकर आलेला नव्हता. पाच-सहा जणी रस्त्यात आडव्या आल्या, मी गाडी पार हळू केली. एक जण मागं गेली, हवेसाठी उघडं ठेवलेल्या दारातून तिनं आत पाहिलं आणि ओरडली, "पानी हाय गं! पिंपं हायती!" तशा बाकीच्याही मागं धावल्या, तेवढ्यात भिंतीवर ठोके पडले. दोन. मी गियर टाकला. आरशात एक बाई हातात ॲल्युमिनियमचा पेला घेऊन धावत होती, मग थांबली.

माहेरी म्हातारीनं लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. महिन्याभरात ती गेली, म्हणजे गाठ पडली ती वेळेवर पडली. पण माझं डोकं फिरलेलं. बापूला बाजूला घेतलं. "एक पिंप दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" तो खाली बघत म्हणाला, "एक दिल्यावर साही गेली असती. गाडी उडाली असती." बस, एवढंच. येताना मी त्याच्याशी बोललो नाही. नगरला आल्यावर मात्र बोललो, दहा जणांत, गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर. तहानलेल्या बाईला पाणी नाही म्हणणारा माणूस, असं त्याचं नाव मीच केलं. लोक त्याच्या तोंडावर टोमणे मारायचे. त्यानं कुणालाच कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि मला वाटायचं, देणार कुठल्या तोंडानं?

परवा, तेरावं होऊन पंधरा दिवस झाल्यावर, वहिनींना भेटायला गेलो. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशीचा राग मी फार ताणला..." त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"भावजी, ते ठोके ह्यांनी न्हाई मारले. हे पिंप सोडायला उठले हुते, दोराची गाठ हातात हुती. ठोके मी मारले. मला लई दुखत हुतं... आईपर्यंत पोचायचं हुतं."

मग त्याच पुढं म्हणाल्या,

"मी म्हनलं, मिस्त्रीभावजींना सांगते. तर मला शपथ घातली. म्हनाले, मिस्त्री तापट हाय, मला चार शिव्या देऊन निवळंल. तुला वाईट म्हनला तर मला न्हाई सोसायचं."

निवळलो कुठला मी! दोन वर्षं दोन गल्ल्यांचं अंतर मला ओलांडता आलं नाही. घरी येऊन बसलो आहे, काम सुचत नाही. वहिनींवर रागवावं तर ती वेदना माझ्या कंबरेत नव्हती. आणि एक गोष्ट राहून राहून टोचते आहे. ठोके कुणाचेही असोत, गाडी मी चालवत होतो, ब्रेक माझ्या पायाखाली होता. गावभर मी त्याची बदनामी केली, तरी 'ब्रेक तुझ्याच पायाखाली होता' एवढं एक वाक्य बापू मला कधी म्हणाला नाही.