गोठ्याखालचं पाणी

अडलेलं वासरू ओढायचे दोर सोआझिगने पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवले होते. ते कुठे गेले, हे तिच्या नवऱ्याने, गुल्वेनने, विचारलं नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या टेकाडावर गुल्वेनच्या आजोबांपासून दुभत्या गाई होत्या. या हिवाळ्यापासून मात्र एखादी गाय बसायची आणि पुन्हा उठायची नाही. डोळे उघडे, समोर चारा, आणि दोन दिवसांत खेळ खलास. जनावरांची डॉक्टरीण रक्त, चारा, विहिरीचं पाणी, सगळं तपासायला घेऊन गेली. सगळं चांगलं आहे, काहीच सापडत नाही, असं तिने कळवलं. गुल्वेन नळाखाली हात धुत राहिला. आजोबांच्या हाताखाली मरत नव्हत्या, बापाच्या नव्हत्या.

"मग उरलं कोण?" तो नळाकडे बघत म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. खोऱ्यापलीकडचा एक शेतकरी असाच गप्प होत गेला होता. शेवटी त्याला गोठ्याच्या तुळईवरून दोर कापून उतरवावं लागलं. त्याच्या दफनाला दोघं जाऊन आली होती.

म्हणून तिने म्हाताऱ्या केरब्राला बोलावलं. डॉक्टरीण हरली की तिकडे त्यालाच बोलावतात. जमिनीखालून वाहणारं पाणी वरच्या जनावराचा जीव ओढून घेतं म्हणतात, आणि ते पाणी म्हातारा शोधतो. पैसे घेत नाही. त्याचे आभारही मानायचे नसतात, नाहीतर गुण येत नाही. सोआझिग आजवर या सगळ्याला हसत आली होती.

वाकवलेल्या दोन तांब्याच्या कांड्या पुढे धरून केरब्रा गोठाभर फिरला. गुल्वेन दाराशी उभा राहून त्याच्या हातांकडे बघत होता. कांड्या हलल्या नाहीत.

"काही नाही रे पोरा," म्हातारा म्हणाला. "जमीन शांत आहे."

गुल्वेनने नुसती मान डोलावली.

"द्या इकडे," सोआझिग म्हणाली.

"तू?" केरब्रा म्हणाला. "चर्चमध्ये मेणबत्ती लावतानासुद्धा तोंड वाकडं करतेस तू."

त्याच्या हातातून कांड्या घेऊन ती चालू लागली. पहिली गाय जिथे बसली होती त्या कोपऱ्यात तिने मनगटं आत वळवली, अगदी कळेल न कळेल इतकी. कांड्या एकमेकींवर आल्या. केरब्राने आधी तिच्या मनगटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"हिच्या हाताला गुण आहे," तो हळू म्हणाला. "माझे हात झाले आता म्हातारे. कांड्या राहू देत तुझ्याकडे."

तिचे ओठ उघडले, तसं त्याने बोट वर केलं. आभार नकोत.

दुपारी गुल्वेनने खारं लोणी लावलेलं घावन खाल्लं आणि आणखी एक मागितलं. मग तो खालचं पाणी बाहेर वळवायला त्या कोपऱ्यात चर खणायला लागला. बापाच्या वेळी गोठा वरच्या अंगाला होता, म्हणून तेव्हा पाण्याचं काही चाललं नाही, असं तो तिला समजावून सांगत होता, आणि मध्येमध्ये पाण्याला आईमाईवरून शिव्या देत होता. कित्येक महिन्यांनी ती त्या ऐकत होती. दोर परत गोठ्यात टांगून टाकावेत, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या आठवड्यात गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गाय बसली. सोआझिगने तिला ढकललं, हाका मारल्या, शेपटी पिळली. मागे गुल्वेन येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे वळून बघायचा तिला धीर होईना.

"पाणी सरकलं," तो म्हणाला. "आपण तिथे खणलं ना, म्हणून इकडे आलं. बघ ना जरा."

कांड्या तो घेऊनच आला होता.

तिने त्या धरल्या आणि पाऊल उचललं. गाईच्या पोटाजवळ कांड्या एकमेकींवर आल्या. आपण मनगटं वळवली की नाही, हे तिला सांगता येईना. गुल्वेन कुदळ आणायला धावलाही होता.

दोर तिने डब्यामागेच राहू दिले.